‘तो पार्ट आता येत नाही हो!’ : जुन्या गाडीच्या सस्पेन्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात कार्बोरेटरबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की जुन्या गाडीचं इंजिन कसंही करून चालू होतं, जीव काढतं ते सस्पेन्शन. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की कार्बोरेटर बिचारा बाजूलाच राहिला. आणि जवळपास प्रत्येक पत्रात तेच वाक्य, मेकॅनिक म्हणतो तो पार्ट आता येत नाही. हे वाक्य मीही तीसेक वर्षं ऐकतोय. त्याचा अर्थ एवढाच असतो की त्या नावाचा डबा आता दुकानाच्या फळीवर येत नाही. पण पिन म्हणजे शेवटी एक लांबी, एक जाडी आणि एक कडकपणा, बुश (पिनभोवती किंवा बोल्टभोवती बसणारी छोटी नळी) म्हणजे आतलं माप आणि बाहेरचं माप, आणि कंपनी बंद पडली याचं मापाला काही सोयरसुतक नसतं. असो, पत्रं बघू.

प्रश्न : नमस्कार काका, वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, घरातलीच एक झालीये. साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि खड्ड्यातून गेलं की पुढून खडखड येते. दोन वर्षांत किंगपिन तीन वेळा बदलले, प्रत्येक वेळी चार-सहा महिन्यांत परत तेच. मेकॅनिक म्हणतो ओरिजिनल किट येत नाही, लोकल मालाचं असंच असतं. खरंय का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : लोकल मालाला शिव्या घालायच्या आधी खडखड किंगपिनचीच, म्हणजे ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिचीच, आहे ना ते बघा. पुढचं चाक जॅकवर उचला, एक हात चाकाच्या वर आणि एक खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला की घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून बसायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर तो व्हील बेअरिंगचा होता, किंगपिन उगाच बदनाम. ब्रेक दाबूनही चाक डुगडुगतंय तर मग किंगपिन. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे न करता सरळ पिन उपटणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

समजा किंगपिनच आहे. तरी दोन वर्षांत तीनदा जाणं हे नुसत्या मालाचं लक्षण नाही, हे बसवण्याचं लक्षण आहे, आणि माझा पहिला संशय ग्रीसच्या भोकावर. बुशला एक भोक असतं, ते निप्पलकडून (जिथून गनने ग्रीस भरतात ते टोक) येणाऱ्या भोकासमोर यायला लागतं. प्रेसमध्ये बुश दाबताना तो जरासा फिरला की भोक झाकलं जातं, मग तुम्ही वरून कितीही ग्रीस मारा, गन जड लागते, निप्पलच्या कडेने ग्रीस बाहेर येतं आणि पोरगा म्हणतो भरलं साहेब. आत पिन कोरडीच फिरत असते. म्हणून पुढच्या वेळी बुश बसले की पिन घालायच्या आधी निप्पल लावून गन मारायला सांगा आणि बोट घालून बघा, बुशच्या आत ग्रीसचा किडा बाहेर आला पाहिजे. नाही आला तर तिथंच काम थांबवायचं, मेकॅनिक कितीही वैतागू दे.

दुसरी गोष्ट पिनची. दुकानात किट घेताना खिशात छोटी कानस ठेवा, पिनच्या टोकाला हळूच एकदा मारून बघा. पिन नीट केस हार्डन, म्हणजे वरचा थर कडक, केलेली असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते, आणि चावली, कीस निघाला, तर ती पिन परत डब्यात. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. चांगल्या टर्नरकडून बनवून घेणार असाल तर ईएन ३६ सारखं केस हार्डनिंगचं स्टील, वरचा थर ५८ ते ६० रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक, आणि हार्डनिंग झाल्यावर ग्राइंडिंग. हा क्रम उलटा करणारे असतात, आधी ग्राइंडिंग करून मग भट्टीत टाकतात, मग पिन केसभर वाकडी होते आणि आपण बुशला दोष देतो. बुश फॉस्फर ब्राँझचा मागा. बरेच जण पितळेचा देऊन ब्राँझ म्हणतात, नाव सोनूबाई. ब्राँझ जरा तांबूस दिसतं, पितळ पिवळंजर्द, शेजारी शेजारी ठेवलं की लगेच कळतं.

तिसरं म्हणजे रीमर, भोक अचूक मापाला आणणारं हत्यार. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीम व्हायला पाहिजे, लांब पायलटचा (पुढच्या मार्गदर्शक दांडीचा) रीमर एकदम दोन्हीतून गेला पाहिजे. लेथवर एकेक बुश वेगळा बोअर करून आणला तर दोन्ही भोकं वेगवेगळी बरोबर असतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. मग पिन एका कडेवर घासते, सुरुवातीला स्टिअरिंग जड लागतं आणि चार महिन्यांनी एकदम सैल. पिन-बुशमध्ये झिरो पॉइंट झिरो तीन-चार मिलिमीटरचा खेळ पुरे. सोपी खूण म्हणजे तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोराने सरकावी, पण नुसती सोडली तर स्वतःहून खाली पडू नये.

आणि हे सगळं बरोबर असूनही बुश जिथे बसतो ते भोकच लंबगोल झालं असेल, तीनदा ठोकून काढलंय म्हटल्यावर शक्यता आहेच, तर स्टॅंडर्ड बुश त्यात धरणारच नाही. घाबरू नका, भोक बोअर करून गोल करायचं आणि बाहेरून जाड बुश बनवून घ्यायचा. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात अशी कामं करणारे आहेत, साताऱ्याहून फार लांब नाही. जाताना जुनी पिन, जुना बुश, सगळं बरोबर न्या. झिजलेल्या पिनला सुद्धा टोकाला, जिथे घासत नाही तिथे, मूळ माप शिल्लक असतं. ते माप हेच तुमचं ड्रॉइंग.

नवीन बसल्यावर दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस, आणि ते चाक उचलून मारायचं, कारण चाक जमिनीवर असताना वजन ज्या बाजूला पडतं तिथे ग्रीस शिरत नाही. आणखी एक, तुमची पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००डी. तिकडे त्या गाडीचे शौकीन अजून आहेत आणि पुढच्या एक्सलचे पार्ट बनतात, त्यामुळे शोधताना पद्मिनी या नावाबरोबर फियाट ११००डी या नावानेही शोधा. मात्र पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याकडून पिनची लांबी आणि व्यास मिलिमीटरमध्ये मागवा. इकडे कुर्ल्याच्या कारखान्यात इतकी वर्षं गाडी बनत राहिली, मधे मधे काय काय बदललं असेल ते डब्यावरच्या नावावरून कळत नाही.

प्रश्न : मी मुंबईतच राहतो, माझीही पद्मिनी आहे (१९७६). टॅक्सी बंद झाल्यापासून कुर्ल्याला, ऑपेरा हाऊसला चकरा मारतोय, दुकानदार हसतात. आता आमच्यासारख्यांनी काय करायचं?
(एक वाचक, परळ)

उत्तर : तुमचं दुखणं खरंय. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली, मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. पेपरांत फोटो आले, लोकांनी डोळे पुसले, पण आपल्यासारख्यांचं खरं नुकसान वेगळंच होतं. कारखाना बंद होऊन वीसेक वर्षं झाली तरी पार्ट मिळत होते ते घरोघरच्या हौशी मालकांमुळे नाही, टॅक्सीवाल्यांमुळे. दिवसभर खड्ड्यांतून फिरणाऱ्या गाडीला किंगपिन, बुश, पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सारखे लागायचे, म्हणून ते बनवणारे होते. गिऱ्हाईक गेलं, बनवणाराही दुसऱ्या कामाला लागला.

पण यातच एक फट आहे. दुकानदाराला विचारू नका, टॅक्सीची कामं करणाऱ्या जुन्या मिस्त्र्यांना विचारा. लालबाग, माझगाव, कुर्ला या बाजूच्या गल्ल्यांत साठीच्या पुढचे मिस्त्री अजून आहेत, त्यांच्या पोटमाळ्यावर, फळीखाली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात काय काय निघेल सांगता येत नाही. मला स्वतःला पुढच्या अँटिरोल बारचे (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांडीचे) ब्रॅकेट असेच एका मिस्त्रीच्या जिन्याखाली मिळाले, ते शोधायला चौदा महिने गेले होते. आणि शोधायला का लागले ते सांगायला लाज वाटते. एका गॅरेजात गाडी देऊन मी जेवायला गेलो, येईपर्यंत पोरांनी जुने ब्रॅकेट गंजलेत म्हणून भंगारात घालून टाकले होते. गंजलेले होते, तुटलेले नव्हते. वायर ब्रश आणि प्रायमर मारून अजून वीस वर्षं चालले असते. तेव्हापासून गाडी कुठेही देताना एक रिकामी गोणी बरोबर देतो आणि सांगतो, जे काही खोलाल ते यात, नटसुद्धा.

भंगारातून सस्पेन्शनचा पार्ट उचलताना मात्र एक नियम पाळा. आर्म, स्टब एक्सल (ज्यावर चाक बसतं तो आखूड दांडा), स्टिअरिंगचे लिंक, हे घरी आणून आधी चिरेसाठी तपासायचे. लाल-पांढऱ्या स्प्रेची डाय पेनिट्रंट टेस्ट हल्ली सहज होते, नाहीतर जुन्या लोकांची पद्धत आहेच, पार्ट साफ करून रॉकेलमध्ये (आता रॉकेल कुठलं, डिझेलमध्ये) रात्रभर बुडवायचा, कोरडा पुसायचा, खडूची पूड फासायची आणि लाकडी हातोडीने दोन टोले मारायचे, चीर असेल तर आतलं तेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर तो पार्ट फक्त नमुना म्हणून ठेवायचा. वेल्डिंग करून वापरतो असं कुणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा. फोर्जिंगचा (ठोकून घडवलेला) पार्ट ओतीव लोखंडाचा बनवून देतो म्हणणाराही असतो, तो तर आणखी धोकादायक, ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तुटतं.

प्रश्न : नमस्कार. माझ्या पप्पांची १९८५ ची पद्मिनी मी चालवते. मागची डावी बाजू बसलीये, पाट्यांतून कुईं कुईं आवाज येतो. इथल्या गॅरेजवाल्याने सांगितलं पाटे मिळत नाहीत, जीपचा एक पाटा एक्स्ट्रा घालून देतो, एकदम कडक होईल. मी नको म्हटलं तर म्हणाला मॅडम तुम्हाला नाही कळणार. कळत नाही म्हणूनच विचारतेय.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : ताई, तुम्हाला कळलंय, त्याला कळलेलं नाही. जास्तीचा पाटा घातला की गाडी उचलली जाते हे खरं, पण मूळ पाटे सगळे मिळून जे काम करत होते ते आता तो एक ताठ पाटा आणि बाकीचे म्हातारे असं वाटलं जातं, मागे बसलेल्यांची कंबर जाते ती वेगळीच आणि बऱ्याचदा मुख्य पाटा डोळ्यापाशी, म्हणजे जिथे बुश असतो तिथे, तुटतो.

पाटा ही दुरुस्त होणारी वस्तू आहे, त्याला पार्ट मिळत नाही म्हणून रडायचं कारणच नाही. आधी मोजा. दोन्ही बाजूंचे पाटे सोडवून जमिनीवर ठेवा, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणून बांधा आणि मधोमध सुतळीपासून पाट्यापर्यंत किती अंतर भरतं ते लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात फरक दिसेलच. मग सगळं खोलून वायर ब्रश मारून सेंटर बोल्टच्या भोकाभोवती चीर आहे का बघा, पाटे बहुतेक तिथेच जातात. व्हर्नियरने प्रत्येक पाट्याची जाडी बघा. समुद्राकाठची हवा आणि चार महिने पाऊस, दोन पाट्यांच्या मधे गंज बसून पापुद्रे सुटतात, जाडी कमी झाली की ताकद झपाट्याने जाते. पातळ झालेला किंवा चिरलेला तेवढाच पाटा नवा करायचा, पाट्याचं स्टील, म्हणजे ईएन ४५ किंवा एसयूपी ९, ट्रकच्या पाट्यांची कामं करणाऱ्याकडे पट्टीच्या रूपात असतंच, रुंदी आणि जाडी जुळली की झालं. तुमच्याकडून बेळगाव जवळ, तिथे अशी कामं होतात.

बसलेल्या पाट्याची कमान परत काढताना विचारा की गार ठोकणार की तापवून. गार ठोकून काढलेली कमान दिसायला छान, पण पावसाळा संपेपर्यंत परत बसते. नीट काम म्हणजे पाटा लाल तापवून कमान द्यायची, तेलात विझवायचा आणि मग परत कमी तापमानावर टेम्पर करायचा. हे शेवटचं टेम्परिंग गाळलं तर पाटा काचेसारखा ठिसूळ होतो. ज्याच्याकडे भट्टी नाही, फक्त गॅस कटिंगचा टॉर्च आहे, त्याच्याकडे पाटा देऊच नका. आणि दोन्ही बाजू एकदम करा, एकच बाजू केली तर गाडी तिरकी.

जोडताना पाट्यांच्या मधे ग्राफाइट ग्रीस, म्हणजे कुईं कुईं बंद. यू-बोल्ट नवे घाला, जुने एकदा ताणलेले असतात. डोळ्याचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) रबर बुश घालून बोल्ट हातानेच लावून ठेवा आणि शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी केल्यावर द्या. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर त्या लटकलेल्या स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. यू-बोल्ट चारपाचशे किलोमीटरनंतर परत एकदा आवळायचे. तुमच्या गॅरेजवाल्याला हे कात्रण दाखवा हवं तर.

प्रश्न : १९६८ ची स्टॅंडर्ड हेराल्ड घेतली आहे, डोक्यावर पडल्यासारखी. पुढच्या चाकाखाली तो पितळी पार्ट आहे त्यात ग्रीस मारायचं की ऑइल यावरून दोन मिस्त्र्यांत भांडण झालं. आणि तो नवीन कुठे मिळेल? भाचा इंग्लंडात आहे.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऑइल! हे भांडण मी मिटवतो. त्या पार्टला ट्रनियन म्हणतात, ब्राँझचा असतो, आणि त्यात चाकाच्या उभ्या लिंकचा आटा फिरतो. म्हणजे स्टिअरिंग वळवलं की चाक अक्षरशः आट्यावर फिरतं. त्यात गिअर ऑइल घालायचं, ईपी ९०, आपल्याकडे नव्वद नंबर म्हणतात ते. ग्रीस मारलं तर ते सुकून आट्यांत दगड होतं, नवीन काही आत जात नाही, पाणी मात्र जातं, आतून स्टीलचा आटा गंजून बारीक होतो आणि एके दिवशी गाडी रिव्हर्स घेताना लिंक तुटून चाक आडवं पडतं. नशीब असेल तर पार्किंगमध्ये पडतं. म्हणून आधी वापर थांबवा, दोन्ही बाजू खोला, जुनं ग्रीस डिझेलने धुऊन काढा आणि आटे बघा. आट्याचं टोक धारदार झालं असेल किंवा गंजाचे खड्डे असतील तर लिंक बाद. इथे मी जुगाड सांगणार नाही, हा पार्ट टर्नरकडून बनवायचा नाही.

आणि बनवायची गरजही नाही, भाचा आहे ना. हेराल्ड मूळची ट्रायम्फची, १९५९ ची, आपल्याकडे मद्रासला स्टॅंडर्ड मोटर्स बनवायची. तीच पुढची बांधणी ट्रायम्फने स्पिटफायरला वापरली आणि स्पिटफायर १९८० पर्यंत बनत होती, त्यामुळे इंग्लंडात हे पार्ट अजून नवे मिळतात. भाच्याला सांगताना तीन गोष्टी लिहून द्या. एक, गाडीचं साल, कारण लवकरच्या आणि नंतरच्या मॉडेलमध्ये फरक आहेत. दोन, आट्याचा व्यास, व्हर्नियरने मोजून. तीन, डावा आणि उजवा वेगळा असतो, एकाचे आटे उलटे, त्यामुळे दोन सारखे घेऊन आला तर एक शोकेसमध्ये ठेवावा लागेल. नवे बसवताना आधी ऑइल भरून मगच लिंक फिरवा.

तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे, तेव्हा २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि मग तिने रोज भाजी आणायची नाही, प्रदर्शन, रॅली वगैरे. ठरवा काय हवंय.

प्रश्न : चोर बाजारात सीलबंद डब्यातले जुने पण न वापरलेले शॉकअब्सॉर्बर मिळाले, आनंदाने उड्या मारल्या. बसवले आणि आठ दिवसांत चारपैकी तीन गळायला लागले. फसलो का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फसला नाहीत, घाई केलीत. न वापरलेलं म्हणजे नवं नव्हे. स्टील तीस वर्षं डब्यात झोपू शकतं, रबर नाही झोपू शकत, सील आतल्या आत कडक होतं आणि पहिल्याच खड्ड्याला चिरतं. जुन्या साठ्यातला पार्ट घेताना धातू बघून आनंद माना आणि रबर तिथंच विसरा. बुश नखाने दाबून बघा, नख उमटलं नाही किंवा बारीक भेगा दिसल्या तर बाद.

आता गळणारे फेकू नका. शॉकअब्सॉर्बरची वरची नळी उघडण्याजोगी असेल तर सील आणि तेल बदलून तो परत उभा राहतो. सीलही मापाने मिळतं, दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, हायड्रॉलिक सीलच्या दुकानात हे तीन आकडे सांगायचे, गाडीचं नाव सांगितलं तर तो नाहीच म्हणेल. दांड्यावर गंजाचे टिपके असतील तर नवं सीलही आठ दिवसांत जाईल, मग दांडा हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंगला द्या. आणि एक, डब्यात आडवे पडलेले शॉक सरळ गाडीला लावू नका, उभा धरून पूर्ण ताणायचा, पूर्ण दाबायचा, असं पाच-सात वेळा, म्हणजे कामाच्या नळीतली हवा निघून जाते. नाहीतर बसवल्यावर मधेच फुसकन मऊ लागतो.

प्रश्न : जुनी अँबेसेडर, पुढे टॉर्शन बार आणि आर्मवाले हायड्रॉलिक शॉक. शॉकमधून तेल गळतं, दर महिन्याला इंजिन ऑइल भरतो. चालेल?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही चालणार, इंजिन ऑइल घट्ट असतं, थंडीत सकाळी गाडी बैलगाडी होईल. आर्मवाल्या शॉकचं हलकं तेल वेगळं येतं. आर्म सोडवून हाताने वरपासून खालपर्यंत हलवा, जोर सगळीकडे सारखा लागला पाहिजे, मधेच मोकळा पडला तर तेल कमी किंवा व्हॉल्व्ह खराब. गळती शाफ्टच्या सीलमधून असेल तर नुसतं सील बदलून भागत नाही, शाफ्ट आत डुगडुगतोय का बघा, डुगडुगत असेल तर तिथेही बुश घालावा लागेल. बॉडी मात्र जपा, ती परत मिळणार नाही. टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) काढायचा झाला तर डावा-उजवा आणि दात कुठे बसले होते ते रंगाने खूण करून ठेवा, आणि त्याला पाइप पान्याने कधी धरू नका. एक ओरखडा पुरे, तिथूनच चीर सुरू होते.

प्रश्न : सर माझी पद्मिनी मी मॉडिफाय करतोय, पुढच्या स्प्रिंगची दीड वेढा कापली तर स्टान्स भारी येईल आणि त्यांना क्रोम करायचं आहे, पुण्यात कुठे चांगलं करून मिळेल? आणि मित्र म्हणतो सगळीकडे पीयू बुश घाल. प्लीज लवकर सांगा, स्प्रिंग काढून ठेवल्यात.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बरं झालं आधी विचारलंस. वेढे कमी केले की स्प्रिंग बुटकी तर होतेच पण ताठही होते, आणि टोक सपाट बसत नाही म्हणून एखाद्या गतिरोधकावर जागेवरून सरकतेसुद्धा. बुटकी हवीच असेल तर त्या मापाची नवी वळवून घे, जुनी शेजारी ठेवून. वळवताना तारेच्या जाडीकडे लक्ष दे, ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या जागी १३ ची तार घातली तर स्प्रिंग साधारण ३८ टक्के ताठ. एक मिलिमीटरची गंमत.

क्रोम विसर. प्लेटिंगच्या आम्लात स्प्रिंग स्टील हायड्रोजन पितं आणि ठिसूळ होतं, मग एक दिवस उभ्या गाडीत टण्णकन तुटते. रंग दे, नाहीतर पावडर कोटिंग कर, लाल, पिवळा, काय हवा तो.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, बुश अँटिरोल बारला घाल, फरक जाणवेल. पाट्यांच्या डोळ्यांत मात्र रबरच ठेव, गाडी जुनी आहे, प्रत्येक खडा बॉडीतून अंगावर यायला लागला की मित्र नाही, तूच दरवाज्यांचा खडखडाट शोधत बसशील.

आणि काढलेल्या स्प्रिंगा कापू नकोस आणि विकूही नकोस. डाव्या-उजव्याला चिठ्ठी बांध, मोकळी उंची मोजून त्या चिठ्ठीवरच लिही आणि तो आकडा मला पाठव, दोन्हींत किती फरक आहे बघू. बाकीच्यांनीही फोटो पाठवताना पार्टच्या शेजारी शाळेची पट्टी ठेवून पाठवा, मागच्या वेळी एकाने शेजारी काडेपेटी ठेवली होती आणि मी अर्धा तास काडेपेटीच मोजत बसलो.